सोलापूरच्या टॉवेल कारखान्यासाठी आयएसओ ९००१ : कामाचा क्रम आणि नेमके कुठे चुकते

आयएसओ ९००१ची, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सर्टिफिकेटची, फाईल अडते ती बहुतेक वेळा कागद कमी पडले म्हणून नव्हे, क्रम उलटा झाला म्हणून. खरेदीदार सर्टिफिकेट मागतो, मालक आधी ऑडिटची तारीख ठरवून मोकळे होतात, मग कुठून तरी तयार फाईल येते आणि शेवटच्या आठवड्यात सहा महिन्यांची रजिस्टरं एकाच पेनाने भरली जातात. अनुभवी ऑडिटरला हे पहिल्या तासात कळते. त्याला वेगळी हुशारी लागत नाही, गोडाऊनमधली मालाची एक गाठ दाखवून ‘याचे सूत कोणत्या लॉटचे?’ एवढे विचारले की पुरते.

खालचे टप्पे एक मध्यम टेरी टॉवेल कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत : २४ माग, दोन पाळ्या, मालक आणि दिवाणजी धरून ३२ माणसे. सूत बाहेरून रंगवून येते, वार्पिंगपासून (ताण्याचे धागे लावण्यापासून) पॅकिंगपर्यंत सगळे इथेच होते. चादरीचा किंवा गणवेशाचा कारखाना असेल तर तपशील बदलतील, क्रम बदलणार नाही. सुरुवातीपासून सर्टिफिकेटपर्यंत पाच-सहा महिने धरा.

## टप्पा १ : स्कोप एका वाक्यात लिहा

स्कोप म्हणजे सर्टिफिकेटवर छापले जाणारे वाक्य. उदाहरणार्थ, ‘टेरी टॉवेल व नॅपकिन यांचे उत्पादन आणि पुरवठा’. ते साधे ठेवा. आज करत नसलेले काम, ‘पुढे करायचेच आहे’ म्हणून त्यात घुसवू नका. ऑडिटर त्या कामाचा पुरावा मागेल.

नाव आणि पत्ता जीएसटी व उद्यम नोंदणीवर आहे तसाच, अक्षर न् अक्षर. माग अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि शिलाई-पॅकिंग गावातल्या दुसऱ्या शेडमध्ये असेल, तर दोन्ही पत्ते आले पाहिजेत. एक शेड लपवण्याचा मोह होतो, कारण ऑडिटचे दिवस आणि पैसे वाचतात. पण मालाचा माग काढताना ती शेड उघडी पडतेच.

सर्वांत जास्त वाद मानकाच्या ८.३ या कलमावर, म्हणजे डिझाइन आणि विकासावर होतो. कन्सल्टंट ते सरसकट ‘लागू नाही’ करून टाकतात. नियम असा : जॅकार्डची नक्षी, बॉर्डर, वजन हे सगळे ग्राहक देत असेल आणि तुम्ही फक्त विणत असाल, तर तसे कारण लिहून ८.३ वगळता येते. नक्षी तुमचा डिझायनर काढत असेल, नमुना तुम्ही विणून दाखवत असाल, तर ८.३ लागूच आहे. मग डिझाइनची मागणी, नमुना, तपासणी, मंजुरी आणि बदल यांची नोंद ठेवावी लागेल. हे अवघड नाही. प्रत्येक नक्षीला एक पान पुरते.

याच टप्प्यावर व्यवसायाची परिस्थिती आणि संबंधित पक्ष, म्हणजे कलम ४.१ आणि ४.२, एका पानावर लिहून घ्या. फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीनंतर हवामानबदल आपल्या कामाशी संबंधित आहे का, हेही ठरवावे लागते. सोलापुरात उन्हाळा आणि पाणीटंचाई यांचा माल, माणसे आणि डाईंगवर (सुताच्या रंगाईवर) काय परिणाम होतो, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी उत्तर पूर्ण होते.

## टप्पा २ : प्रमाणन संस्था निवडा, तारीख मात्र देऊ नका

आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त मानक तयार करते. सर्टिफिकेट देते ती प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थेला मान्यता देणारी वेगळी संस्था असते. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे एनएबीसीबी हे मंडळ करते. परदेशी मान्यता असेल तर ती मान्यता संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या करारातील आहे का, ते पाहा. कोटेशन आले की त्या संस्थेच्या मान्यतेत वस्त्रोद्योगाचे क्षेत्र आहे का, हेही विचारा. काहींना मान्यता असते, पण वस्त्रोद्योगासाठी नसते.

कोटेशन खरे आहे की नाही, हे दिवसांवरून ओळखता येते. आयएएफ या मान्यता संस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या एमडी ५ या दस्तऐवजानुसार पहिल्या प्रमाणनासाठी ऑडिटचे दोन्ही टप्पे (आधी तयारीचा, मग प्रत्यक्ष कामाचा) मिळून ऑडिटचे दिवस माणसांच्या संख्येवर ठरतात :

- ११ ते १५ माणसे : अडीच दिवस
- १६ ते २५ : ३ दिवस
- २६ ते ४५ : ४ दिवस
- ४६ ते ६५ : ५ दिवस

एकसारखे काम करणारी माणसे जास्त असतील तर यात कपात होते, पण ३० टक्क्यांपुढे नाही. म्हणजे आपल्या ३२ माणसांच्या कारखान्याला कुणी ‘एका दिवसात उरकू’ म्हणत असेल, तर तो ऑडिट करणार नाही, कागद विकणार आहे.

सावधान : ज्या संस्थेकडून सर्टिफिकेट घ्यायचे, तिच्याकडूनच सल्ला घेता येत नाही. प्रमाणन संस्थांना कन्सल्टन्सी करण्याची बंदी आहे. ‘फाईलही आम्हीच बनवू, सर्टिफिकेटही आम्हीच देऊ’ असे एकाच पावतीवर कबूल करणारा सापडला तर तिथेच थांबा.

तपासा : कोटेशन तीन वर्षांचे एकत्र घ्या. पहिले ऑडिट, दोन वार्षिक देखरेख ऑडिटे, प्रवास-निवास आणि जीएसटी हे सगळे त्यात दिसले पाहिजे. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट, असा प्रकार सर्रास होतो. ऑडिट मानकाच्या कोणत्या आवृत्तीनुसार होणार आणि नवी आवृत्ती आल्यास बदलाचे काय, हे करारात लिहून घ्या. मराठी समजणारा ऑडिटर मागा. तेलुगू जाणणारा मिळाला तर आणखी चांगले, कारण मागावरच्या माणसाशी तो थेट बोलू शकेल.

## टप्पा ३ : आधी चालते ते पाहा, मग लिहा

एक ऑर्डर निवडा आणि ती आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत तिच्या मागे चाला. ऑर्डर कोण घेतो, वजन-मापाची खात्री कोण करतो, सूत कोण मागवतो, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) कोण भरतो, जॉबर (माग जुळवणारा मिस्त्री) मागावर काय बदलतो, चेकिंगला काय बाजूला निघते. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी लिहा : कोण करतो, कशावरून ठरवतो, कुठे नोंदतो.

यातून दोन-तीन भोके हमखास दिसतात. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरचा नीट आढावा होत नाही. ‘मागच्यासारखेच करा’ या एका वाक्यावर ५०० जीएसएमऐवजी (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) ४५० जीएसएमचा माल विणला जातो. उपाय म्हणून एक ऑर्डर-खात्री पत्रक ठेवा. त्यात माप, जीएसएम व त्याची चालणारी कमी-जास्त, शेड (रंगछटा) नंबर, नग, पॅकिंग आणि तारीख असावी. व्हॉट्सॲप चालते. त्याचा स्क्रीनशॉट ऑर्डर नंबरसकट ठेवला की तो पुरावा झाला.

दुसरे भोक ग्राहकाच्या मालमत्तेचे. जॉबवर विणणारे कारखाने ग्राहकाचे सूत, लेबले, कार्टन ठेवतात. ते वेगळे मोजून, नाव लावून ठेवणे आणि खराब झाले तर ग्राहकाला कळवणे कलम ८.५.३ मध्ये येते.

## टप्पा ४ : मोजायची साधने

इथे घाई करू नका. टॉवेलच्या धंद्यात भांडण वजनावरून होते, आणि ऑडिटमध्येही याच टेबलाशी ऑडिटर जास्त वेळ उभा राहतो.

यादी करा : वजनकाटे, जीएसएम कटर, पोलादी टेप, पिक ग्लास (धागे मोजायचे भिंग), सुताचा काउंट (जाडीचा नंबर) काढायचा काटा, शेड जुळवायची लाईटची पेटी. प्रत्येकाला नंबर द्या आणि तो कोणत्या निर्णयासाठी वापरला जातो ते समोर लिहा. माल पास-नापास करण्यासाठी जो वापरला जातो, त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण साधनाशी ताडून पाहणे, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्या.

काटा कामाला पुरेसा आहे का? जीएसएम कटर १०० चौरस सेंटिमीटरचा गोल कापतो. ५०० जीएसएमच्या कापडाचा तो गोल ५ ग्रॅम भरतो. काटा एक-एक ग्रॅम दाखवणारा असेल, तर तो ५ किंवा ६ एवढेच सांगणार, म्हणजे ५०० किंवा ६०० जीएसएम. मधले काहीच दिसत नाही. या कामाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. उलट, अख्खा टॉवेल तोलायचा असेल तर एक ग्रॅमचा काटा चालतो : ७५ × १५० सेंटिमीटरचा टॉवेल १.१२५ चौरस मीटर होतो, ५०० जीएसएमला त्याचे वजन साधारण ५६२ ग्रॅम, आणि एका ग्रॅमची चूक एका जीएसएमपेक्षाही कमी. पण अख्ख्या टॉवेलात बिनपाईलची (धाग्याचे उभे फासे नसलेली) बॉर्डर आणि शिलाईही येते. त्यामुळे कोणत्या पद्धतीने मोजायचे हे ग्राहकाशी आधी ठरवा आणि ऑर्डर-खात्री पत्रकात लिहा.

सोलापूरचा उन्हाळा. १०० ग्रॅम सुक्या कापसात प्रमाणित हवेत (ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत) ८.५ ग्रॅम ओलावा धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो बराच खाली येतो. समजा ५ ग्रॅमवर आला, तर आपला ५६२ ग्रॅमचा टॉवेल साधारण १८ ग्रॅमने हलका भरेल, म्हणजे ४८४ जीएसएम. विणकराने काही चुकवलेले नसते. म्हणून वजनाच्या नोंदीशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहा, वादाच्या वेळी नमुना प्रमाणित हवेत ठेवून मोजा, आणि हा मुद्दा जोखमीच्या यादीत घाला. तयार फायलींमधल्या ‘आग लागणे, पूर येणे’ अशा जोखमींपेक्षा हा एक मुद्दा ऑडिटरला तुमचा कारखाना जास्त चांगला सांगतो.

सावधान : वैधमापन खात्याचा शिक्का आणि कॅलिब्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्का कायद्यासाठी लागतो. काट्याची नेमकी चूक किती, हे कॅलिब्रेशनचा दाखला सांगतो. तो दाखला नुसता फाईलला लावू नका. त्यातली चूक तुमच्या चालणाऱ्या कमी-जास्तीच्या आत आहे ना, ते पाहून त्यावर ‘वापरास योग्य’ असे लिहून सही करा. ही सही बहुतेक ठिकाणी नसते.

## टप्पा ५ : लॉट कार्ड आणि बाहेरचे डाईंग

शेडमधला, म्हणजे रंगछटेतला, फरक ही तक्रार बहुधा दोन डाईंग लॉट एकाच बीमवर किंवा एकाच गाठीत गेल्याने येते. म्हणून लॉट कार्ड सुताच्या पोत्यापासून सुरू झाले पाहिजे, मागापासून नव्हे.

कार्डवर एवढेच : सूत पुरवठादार व त्याचा लॉट, काउंट, डाईंगवाल्याचा लॉट आणि शेड, बीम नंबर, माग नंबर, पाळी, विणकर, चेकिंगचा निकाल, गाठ नंबर. कार्ड मराठीत आणि तेलुगूत छापा. मानकात इंग्रजीची सक्ती कुठेही नाही. ज्याने भरायचे त्याला वाचता येणे महत्त्वाचे.

बाहेरच्या डाईंगवाल्याला कलम ८.४ लागू होते. त्याला पाठवायच्या चलनावर शेड नंबर आणि रंगाच्या पक्केपणाची अपेक्षा लिहा. आलेला प्रत्येक लॉट मंजूर नमुन्याशी एकाच प्रकाशात जुळवा, आणि वर्षातून एकदा तरी त्याच्या नापास लॉटांचा हिशेब काढून त्याचे मूल्यमापन करा. ‘तो वीस वर्षांपासून आपलाच आहे’ हे मूल्यमापन नव्हे. शिलाई घरी नेऊन करणाऱ्या बायका असतील, तर त्याही याच कलमात येतात. नमुना टॉवेल आणि टाके कसे हवेत याची एक चिठ्ठी त्यांना द्या.

तपासा : गोडाऊनमधली कोणतीही एक गाठ उचला आणि अर्ध्या तासात सुताच्या पोत्यापर्यंत पोचा. मग उलटे, एका सूत लॉटवरून त्याच्या सगळ्या गाठी शोधा. दोन्ही बाजूंनी जमेपर्यंत पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा ६ : कागद, पण लागतील तेवढेच

२०१५च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिका, सहा सक्तीच्या कार्यपद्धती आणि व्यवस्थापन प्रतिनिधी हे पद, यांपैकी काहीच बंधनकारक राहिलेले नाही. तरी बाजारात अजून २००८च्या साच्यातल्या जाडजूड फायली फिरतात. त्यांत दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून जाते. फाउंड्रीचे ‘मोल्डिंग’ टॉवेलच्या फायलीत सापडले की पुढचे सगळे ऑडिट संशयाने होते.

लेखी असायलाच हवे ते : स्कोप, गुणवत्ता धोरण, उद्दिष्टे. नोंदी म्हणून : कॅलिब्रेशन, माणसांचे कौशल्य, ऑर्डर आढावा, लागू असल्यास डिझाइन, पुरवठादारांचे मूल्यमापन, लॉट कार्ड, माल पास करणाऱ्याची सही, नापास माल, अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा, सुधारक कृती. बाकी कामाच्या सूचना जिथे चूक होते तिथेच लिहा. मागाशेजारी पाईल बीमच्या ताणाचे पान हवे, कारण ताण ढिला-घट्ट झाला की पाईलची उंची आणि त्यासोबत वजन बदलते. झाडू मारण्याची कार्यपद्धती नको.

## टप्पा ७ : तीन महिने चालवून पाहा

प्रमाणन संस्था साधारण तीन महिन्यांच्या खऱ्या नोंदी मागतात. या काळात दोन सवयी लागल्या पाहिजेत.

पहिली, नापास मालाची. तो लाल टोपलीत किंवा आखलेल्या चौकटीत वेगळा ठेवा आणि त्याचे काय केले ते लिहा : दुरुस्ती, सेकंड (दुय्यम दर्जाचा माल) म्हणून विक्री, की ग्राहकाच्या परवानगीने पाठवला. नापास मालाचे रजिस्टर कोरे ठेवून ‘आमच्याकडे नापास होतच नाही’ असे सांगणे सर्वांत वाईट. सेकंडच्या मालाची बिले अकाउंट विभागात असतातच.

दुसरी, उद्दिष्टे मोजण्याची. ‘दर्जा सुधारणे’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘चेकिंगला आलेल्या नगांत सेकंडचे प्रमाण ६ टक्क्यांवरून मार्चअखेर ४ टक्क्यांवर’ हे होते, मात्र आधीचा आकडा तुमच्या रजिस्टरातून काढलेला असला पाहिजे. तीन-चार उद्दिष्टे पुरेत. आकडा दर महिन्याला चेकिंगच्या भिंतीवर लावा.

## टप्पा ८ : अंतर्गत ऑडिट, आणि त्यानंतरच आढावा बैठक

क्रम पक्का : आधी अंतर्गत ऑडिट, मग व्यवस्थापन आढावा. आढाव्यात ऑडिटचे निष्कर्ष मांडायचेच असतात, त्यामुळे बैठकीची तारीख ऑडिटच्या आधीची असेल तर दोन्ही कागद खोटे ठरतात.

स्वतःच्या कामाचे ऑडिट स्वतः करायचे नाही. छोट्या कारखान्यात अदलाबदल करा : चेकिंगचा प्रमुख स्टोअर पाहील, अकाउंटवाला विणकाम पाहील. रात्रपाळीत एकदा जा. रात्री लॉट कार्ड भरले जाते का, हे दिवसा कळत नाही. पहिल्याच अंतर्गत ऑडिटमध्ये शून्य त्रुटी निघाल्या तर ऑडिट झालेच नाही असे समजा.

आढावा बैठकीला मालक स्वतः हवेत. ग्राहकांच्या तक्रारी, उद्दिष्टांचे आकडे, पुरवठादार, ऑडिट, जोखमी, लागणारी माणसे-यंत्रे यांवर बोलणे व्हावे आणि प्रत्येक निर्णयापुढे नाव आणि तारीख पडावी.

तपासा : या दोन्हींनंतरच पहिल्या टप्प्याच्या ऑडिटची तारीख द्या. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव यांच्या आसपासची तारीख घेऊ नका. माग बंद असतील तर ऑडिटरला पाहायला काही उरत नाही.

## टप्पा ९ : पहिल्या टप्प्याचे ऑडिट

यात ऑडिटर तयारी पाहतो : स्कोप बरोबर आहे का, कागद पुरेसे आहेत का, अंतर्गत ऑडिट व आढावा झाला का. इथे निघालेल्या मुद्द्यांना हलके घेऊ नका. ते तसेच राहिले तर दुसऱ्या टप्प्यात त्रुटी म्हणून नोंदले जातात. दोन्ही टप्पे लागोपाठच्या दिवशी ठेवण्याचा हट्ट टाळा, दुरुस्तीला दोन-चार आठवडे हवेतच.

## टप्पा १० : दुसऱ्या टप्प्याचे ऑडिट आणि त्रुटींची उत्तरे

ऑडिटर मागावर जाईल आणि विणकराला विचारेल, ‘सूत तुटले, डाग दिसला तर काय करता?’ उत्तर विणकरालाच देऊ द्या. मध्ये मालक किंवा कन्सल्टंट बोलला की ऑडिटर आणखी खोलात जातो. धोरण पाठ करून घेण्यापेक्षा, आपले काम चुकले तर पुढे काय बिघडते, हे प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.

त्रुटी दोन प्रकारच्या. मोठी, म्हणजे व्यवस्थेचा एखादा भागच नाही, जसे अंतर्गत ऑडिट झालेच नाही. छोटी, म्हणजे व्यवस्था आहे पण एखादी फट राहिली. मोठी त्रुटी मिटल्याची खात्री झाल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, आणि ही खात्री दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांत झाली नाही तर तो टप्पा पुन्हा द्यावा लागतो. छोटीसाठी तुमचा दुरुस्तीचा आराखडा मान्य व्हावा लागतो.

उत्तरे परत येतात ती एकाच कारणाने : ‘कामगाराचे दुर्लक्ष, समज दिली.’ हे कारण कुठलाही ऑडिटर घेत नाही. समजा, चेकिंगच्या काट्याचे कॅलिब्रेशन दोन महिन्यांपूर्वी संपले होते. उत्तर असे द्या :

- तात्पुरती दुरुस्ती : काटा कॅलिब्रेट केला, आणि दोन महिन्यांत त्यावर पास झालेल्या मालावर परिणाम झाला का ते नव्या दाखल्यावरून तपासले.
- कारण : मुदतीची यादी फक्त कन्सल्टंटच्या संगणकात होती, कारखान्यात कुणाकडेच नव्हती.
- सुधारक कृती : यादी स्टोअरमध्ये लावली, दर महिन्याच्या १ तारखेला स्टोअरकीपर पाहून सही करतो, बाकी सर्व साधनांच्या मुदतीही तपासल्या.
- परिणाम : पुढच्या मुदती वेळेत पाळल्या गेल्या का, हे तीन महिन्यांनी पाहणार.

## सर्टिफिकेट हातात आल्यावर

आधी नाव, पत्ता, स्कोप आणि मान्यतेचे चिन्ह तपासा, आणि आयएएफ सर्टसर्च या प्रमाणपत्रे शोधण्याच्या संकेतस्थळावर तुमची नोंद दिसते का ते पाहा. परदेशी खरेदीदार तिथेच शोधतो.

सर्टिफिकेट तीन वर्षांचे असते. पहिले देखरेख ऑडिट प्रमाणनाच्या निर्णयापासून १२ महिन्यांच्या आत व्हावे लागते. ते टाळत राहिलात तर सर्टिफिकेट आधी निलंबित होते आणि मग रद्द. अंतर्गत ऑडिट आणि आढावा दहाव्या महिन्यापर्यंत उरकून ठेवा. शेड बदलली, नवा पत्ता जोडला किंवा मालकी बदलली तर लगेच कळवा.

टॉवेलच्या लेबलवर प्रमाणनाचे चिन्ह शिवू नका. प्रमाणन कारखान्याच्या व्यवस्थेचे आहे, टॉवेलचे नाही, त्यामुळे ‘आयएसओ प्रमाणित टॉवेल’ असे कुठेही छापता येत नाही. आयएसओ संस्थेचा स्वतःचा लोगो तर कुणालाच वापरता येत नाही. कार्टनवर मजकूर हवाच असेल तर कंपनीचे नाव, ‘गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती आयएसओ ९००१ नुसार प्रमाणित’ आणि प्रमाणन संस्थेचे नाव, एवढे लिहा. छपाईला देण्याआधी तो मजकूर प्रमाणन संस्थेकडून लेखी मंजूर करून घ्या, म्हणजे हजारो कार्टन वाया जाणार नाहीत.